शेवंती: फुलं संपली म्हणून रोप काढून टाकू नका

मातीवेडी

फुलांनी गच्च भरलेली शेवंतीची कुंडी आणायची, महिना-दीड महिना ती डोळे भरून बघायची, आणि फुलं तपकिरी पडायला लागली की रोप उपटून कुंडीत दुसरं काहीतरी लावायचं. हे मी इतक्या जणांकडे पाहते की यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. शेवंती बहुवर्षायू आहे. फुलं देऊन झालेलं खोड वाळतं, पण मुळं जिवंत असतात आणि बुडाशी पुढच्या हंगामाची तयारी सुरू झालेली असते.

खात्री करायची असेल तर वाळत आलेल्या खोडाच्या बुडाजवळची माती बोटाने हलकेच बाजूला करा. जमिनीच्या अगदी खाली किंवा मातीला लागून जाडसर कोंब दिसतील. मातीत असतो तोवर पांढरट, टोकाकडे कधी जांभळट, आणि वर आला की राखाडी-हिरव्या, लव असलेल्या बारीक पानांची घट्ट मूठ. हेच फुटवे. पुढच्या वर्षीची फुलं यांच्यावर येणार आहेत, जुन्या खोडावर नाही. म्हणून सगळी निगा या फुटव्यांसाठी करायची.

फुलं पूर्ण उतरली की खोडं जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून छाटून टाका. छाटलं की फुटव्यांना ऊन मिळतं आणि ते भराभर वर येतात. या काळात पाणी बेताचंच द्या. वर पानं जवळपास नसतात, त्यामुळे मुळं पाणी ओढत नाहीत, आणि नेहमीच्या सवयीने रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. माझ्या मते शेवंती सगळ्यात जास्त मरते ती याच दिवसांत, उन्हाने किंवा किडीने नाही. खतही लगेच नको. फुटवे तीन-चार इंचांचे झाले, पानं उघडली, की मग सुरुवात करा.

फुटवे बोटभर लांब झाले की दोन रस्ते असतात. एक, मुळासकट फुटवे वेगळे करून लावणे. गड्डा अलगद बाहेर काढायचा, माती झटकायची आणि कडेचे फुटवे थोड्या मुळांसह सोडवून घ्यायचे. मधला लाकडासारखा कडक झालेला भाग टाकून द्यायचा, त्यातून निघणारी वाढ नेहमी मरगळलेली असते. दुसरा, छाटकलम. फुटव्याचा किंवा कोवळ्या फांदीचा सात-आठ सेंटीमीटरचा शेंडा कापायचा, खालची पानं काढायची, आणि ओलसर वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात दोन-तीन सेंटीमीटर खोल खोचायचा. थेट ऊन लागणार नाही अशा उजेडाच्या जागी दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. कळी असलेली फांदी मात्र कलमाला घेऊ नका. तिला मुळं फुटतील, पण रोप वाढायच्या ऐवजी आहे त्या उंचीवर एखादं किरकोळ फूल देऊन थांबेल.

मला स्वतःला छाटकलम जास्त आवडतं, कारण जुन्या मातीतले रोग आणि सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म किडे) मागेच राहतात. नवीन रोप नव्या मातीत स्वच्छ सुरुवात करतं.

माती: निचरा हवाच हवा. शेवंतीची मुळं उथळ, बारीक आणि दाट असतात. घट्ट मातीत त्यांना हवा मिळत नाही. बागेची माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि भुसभुशीतपणासाठी वाळू किंवा कोकोपीट, असं साधारण समप्रमाणात घेतलं तरी चालतं. मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या मध्ये असावा. एका मोठ्या रोपाला निदान आठ-दहा इंची कुंडी द्या.

आता खुडणी. हे काम करायला हात धजत नाही, पण शेवंती डेरेदार होते ती यामुळेच. रोपाला सहा-सात पानं आली की अगदी टोकाचा कोवळा शेंडा, एखाद-दोन सेंटीमीटर, नखाने खुडून टाका. खालच्या पानांच्या बेचक्यांतून तीन-चार फांद्या फुटतील. त्यांना चार-चार पानं आली की पुन्हा खुडा. असं दोन-तीन वेळा. आपल्याला फुलं ज्या सुमारास हवीत त्याच्या साधारण १०० दिवस आधी शेवटची खुडणी करायची आणि मग रोपाला हात लावायचा नाही.

ऊन दिवसाला निदान पाच-सहा तास. आणि रात्री अंधार. हा अंधाराचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर प्रतिसादांत बोलूच.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.

हिरवा_कोपरा

फार उपयोगी धागा. मी मागच्या वर्षीची शेवंती ठेवली होती, फुटवेही भरपूर आले. पण आणली तेव्हा ती जेमतेम वीतभर उंच, घुमटासारखी गोल होती. यंदा तीच दोन-अडीच फूट वाढली आणि फांद्या आडव्या पडताहेत. जात बदलली की काय असं वाटावं इतका फरक आहे. फुलं मात्र त्याच रंगाची.

मातीवेडी

जात तीच आहे, हिरवा_कोपरा. विकत मिळणाऱ्या त्या गोल कुंड्यांची दोन गुपितं आहेत. पहिलं, त्या कुंडीत बहुतेक वेळा एक रोप नसतं, चार-पाच छाटकलमं गोलाकार लावलेली असतात. कुंडी रिकामी करून बघा, बुडाशी वेगवेगळी खोडं दिसतील. दुसरं, उत्पादक त्या रोपांवर उंची रोखणारी वाढ-नियंत्रकं फवारतात. डॅमिनोझाइड हे त्यातलं नेहमीचं. त्यामुळे पेरं आखूड राहतात आणि रोप ठेंगणं दिसतं. काही महिन्यांत त्याचा परिणाम ओसरतो. घरी तुम्हाला दिसतेय ती त्या जातीची खरी उंची.

यावर उपाय खुडणीच. शिवाय भरपूर ऊन द्या, सावलीत शेवंती आणखी उंच आणि लुळी होते. फांद्या जड व्हायच्या आधीच बाजूने तीन-चार काड्या रोवून सुतळीचं कडं करून घ्या. आडवी पडलेली फांदी नंतर उभी केली तरी टोक वाकडंच राहतं, कारण शेंडा उजेडाकडे वळून कडक झालेला असतो.

आणि कुंडीत चार-पाच रोपं असतील तर फुलं संपल्यावर ती वेगळी कराच. एकाच कुंडीत वर्षभर ती एकमेकांचं खात राहतात.

कुंडीवाला

माझी शेवंती हिरवीगार आहे, पानं मोठी, फांद्या जोमदार. शेजारच्या बिल्डिंगमधली शेवंती फुलून उतरायला आली तरी हिला कळीचा पत्ता नाही. दोघांची रोपं एकाच गड्ड्यातून वेगळी केलेली आहेत. खत मी दर पंधरा दिवसांनी देतोय. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत आहे. कमी काय पडतंय?

मातीवेडी

दोन प्रश्न. खत कोणतं देता? आणि रात्री त्या जागी दिवा असतो का? गॅलरीतला, जिन्यातला, रस्त्यावरचा, कोणताही.

कुंडीवाला

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), शिवाय महिन्यातून एकदा शेणखत. आणि हो, गॅलरीच्या बाहेरच रस्त्याचा एलईडी दिवा आहे. रात्रभर लख्ख उजेड असतो.

मातीवेडी

मग बरंचसं उत्तर मिळालं. शेवंती लहान दिवसाची वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधारी असली तरच ती कळी धरते. तुमच्या गॅलरीत तिच्यासाठी रात्र होतच नाही. तिच्या हिशेबाने अजून मोठ्या दिवसांचा काळ चालू आहे, म्हणून ती नुसती पानं काढतेय.

खताचंही सांगते. वाढीच्या काळात नत्र हवं, पण कळ्यांचे दिवस जवळ आले की नत्र कमी आणि पालाश जास्त असं खत द्यायला हवं. कळ्यांना रंग दिसायला लागला की खत बंदच. तरी तुमच्या बाबतीत आधी दिवा, मग खत. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

प्रकाशवर्ष

इथे थोडी भर घालतो, कारण शेवंतीचा या विषयाच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, मेरिलँड मॅमथ. उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, फुलायची नाही, आणि हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायची. त्यांनी तापमान, ओलावा, पोषण असं एकेक तपासलं. शेवटी रोपं रोज ठराविक तास अंधाऱ्या खोलीत ठेवून बघितली आणि भर उन्हाळ्यात फुलं आली.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग करून दाखवलं की खरा हिशेब रात्रीचा असतो. दिवसाच्या मधे थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला तर फुलणं थांबतं.

यातला शेवंतीवरचा प्रयोग मला सगळ्यात सुंदर वाटतो. १९३० च्या दशकात चैलाख्यान या शास्त्रज्ञाने शेवंतीच्या रोपाच्या वरच्या भागातली पानं काढून टाकली, फक्त शेंडा ठेवला. खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरच्या बोडक्या शेंड्याला मोठा दिवस. रोप फुललं. उलट केलं, म्हणजे शेंड्याला लांब रात्र आणि पानांना मोठा दिवस, तर फुललं नाही. याचा अर्थ रात्र मोजतात ती पानं, आणि तिथून काहीतरी संदेश शेंड्यापर्यंत जातो. त्याला त्याने फ्लोरिजेन असं नाव दिलं. तो संदेश म्हणजे एक प्रथिन आहे हे सिद्ध व्हायला पुढे कित्येक दशकं गेली.

आपल्यासाठी यातून निघणारी कामाची गोष्ट: झाकायचं असेल तर सगळं रोप झाका. वरून टोपी घालून उपयोग नाही, खालच्या पानांवर उजेड पडता कामा नये.

कुंडीवाला

प्रकाशवर्ष, वाचून थक्क झालो. आता दिवा काही मला बंद करता येणार नाही. रोप हलवू की झाकू?

मातीवेडी

हलवता येत असेल तर हलवाच. संध्याकाळी घराच्या अंधाऱ्या बाजूला, सकाळी परत उन्हात. मात्र ज्या खोलीत तुम्ही रात्री अकरापर्यंत दिवे लावून बसता तिथे नको.

झाकायचं असेल तर जाड काळं कापड किंवा मोठं खोकं घ्या. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला उघडायचं. म्हणजे १४ तासांची सलग रात्र मिळते. हे रोज करायचं, मधे खंड पाडायचा नाही, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. एखादी रात्र चुकली तर रोप मरत नाही, पण फुलं तेवढी लांबतात. अजूनही ऊन कडक असेल तर सहाला झाकल्यावर आत उकाडा कोंडतो, त्यावर लक्ष ठेवा. कापड पानांना चिकटू देऊ नका, काड्यांचा सांगाडा करून त्यावर टाका.

किती दिवसांत फुलेल हे जातीवर आहे. लांब रात्री सुरू झाल्यापासून काही जाती सहा-सात आठवड्यांत फुलतात, काहींना बारा आठवड्यांहून जास्त लागतात. उत्पादक जातींचे गट याच हिशेबाने पाडतात. तुमची शेवंती शेजारच्या रोपाचीच बहीण आहे, तेव्हा त्यांच्याकडे कळी कधी दिसली आणि फूल कधी उघडलं ते विचारा. तेवढेच आठवडे तुमच्याकडे धरा.

अबोली_सांज

माझा नेमका उलटा प्रश्न. ऐन उन्हाळ्यात, रोप अजून लहान असताना, टोकाला एक कळी येते. ती नीट उघडत नाही, आजूबाजूची पानंही अरुंद, पट्टीसारखी होतात. दिवस मोठे असताना कळी का?

प्रकाशवर्ष

दोन शक्यता आहेत. कळी धरण्यासाठी दिवस किती लहान हवा हे जातीजातीत बदलतं, पण बऱ्याच जातींत हा आकडा साडेतेरा-चौदा तासांच्या आसपास असतो. विषुववृत्ताजवळ बाराही महिने दिवस साधारण १२ तासांचाच, म्हणून तिथल्या उत्पादकांना रोप वाढवण्यासाठी उलट रात्री दिवे लावावे लागतात. तिथून थोडं वर-खाली गेलं तरी वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम साडेतेरा तास भरतो. अशा ठिकाणी शेवंती उन्हाळ्यातही सीमारेषेवर असते आणि अधूनमधून कळी धरू बघते.

दुसरं, एखादी फांदी न खुडता खूप लांब वाढली की मोठ्या दिवसातही तिच्या टोकाला कळी येते. ती तुम्ही लिहिलंय तशीच असते, अर्धवट, भोवती अरुंद पानं. दिवस मोठाच असल्यामुळे ती पुढे नीट वाढू शकत नाही.

दोन्हींत करायचं एकच. ती कळी दोन-तीन पानांसकट खुडून टाका. खालून नव्या फांद्या येतील आणि योग्य वेळी फुलतील.

मातीवेडी

+१. त्यात एवढंच सांगेन की लांब रात्री सुरू झाल्या तरी त्याबरोबर रात्रीचा उकाडाही कमी व्हावा लागतो. रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असल्या की कळ्या छान पुढे सरकतात. रात्री फार गरम असतील तर अंधार पुरेसा असूनही कळ्या रेंगाळतात. तेव्हा घाबरून खतं ओतत बसू नका. थांबा.

पानगळ

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. जमिनीतली शेवंती छाटावी का? की वाळलेलं खोड तसंच ठेवावं?

मातीवेडी

बर्फ पडत असेल तर छाटू नका. वाळलेली खोडं वसंतापर्यंत तशीच राहू द्या. त्यांच्यात पडलेली पानं आणि बर्फ अडकून गड्ड्यावर पांघरूण राहतं. वर पाचोळ्याचा चार-सहा इंचांचा थर घाला, पण जमीन गार पडल्यावर. आधी घातला तर खाली ऊब आणि ओल राहून कुजतं. थंडीपेक्षा साचलेलं पाणी आणि गोठणं-वितळणं शेवंतीला जास्त मारतं, मुळं उथळ असल्याने ती मातीसह वर उचलली जातात. वसंतात बुडाशी हिरवं दिसलं की जुनी खोडं काढा.

आणखी एक. फुललेली कुंडी आणून थंडीच्या तोंडावर जमिनीत लावली तर ती तगण्याची शक्यता कमी. सगळी ताकद फुलांत गेलेली असते आणि मुळं पसरायला वेळच मिळत नाही. अशी कुंडी गोठणार नाही अशा थंड, उजेडाच्या जागी ठेवा, माती जेमतेम ओलसर राहील एवढं पाणी द्या, आणि वसंतात जमिनीत लावा.

जुनं_खोड

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीशी सहमत नाही. दर वर्षी गड्डा उपटून फुटवे वेगळे करायची गरज नाही. माझ्या जमिनीतल्या शेवंतीला मी तीन वर्षं हात लावलेला नाही, भरपूर फुलते. उगाच मुळं दुखवायची कशाला?

मातीवेडी

जुनं_खोड, जमिनीत मोकळी जागा, चांगला निचरा आणि लहान फुलांची काटक जात असेल तर तुमचं अगदी पटतं. तिथे दोन-तीन वर्षांनी एकदा वेगळं केलं तरी पुरतं. मी लिहिलं ते प्रामुख्याने कुंडीसाठी आणि मोठ्या फुलांच्या जातींसाठी. कुंडीत एका वर्षात मुळांचं जाळं भिंतीला लागतं, दुसऱ्या वर्षी फुलं लहान होतात आणि रोपाचा मधला भाग पोकळ पडतो. तुमच्याकडे मधे पोकळ पडायला लागलं तर तीच खूण समजा.

जुनं_खोड

मधे थोडं विरळ झालंय खरं. या वेळी अर्धा गड्डा वेगळा करून बघतो, अर्धा तसाच ठेवतो. पुढच्या हंगामात दोन्हींचे फोटो टाकेन.

सदाबहार

पानांचं सांगा ना कुणीतरी. खालून वर पानं काळी-तपकिरी पडत चाललीत. वरचा भाग ठीक आहे. बुरशीनाशक मारू?

मातीवेडी

आधी एक पान तोडून उजेडात धरा. ठिपके गोलसर, काळपट आणि एकमेकांत मिसळणारे असतील तर पानांवरचा करपा. डाग शिरांनी आखल्यासारखे, कोनाकोनाचे असतील, म्हणजे दोन शिरांमधला तुकडाच्या तुकडा तपकिरी आणि शिरेपाशी रेघ मारल्यासारखा थांबलेला, तर ते पानांतले सूत्रकृमी असू शकतात. त्यावर बुरशीनाशकाचा काहीच उपयोग नाही.

दोन्ही पसरतात ते ओल्या पानांवरून. पाऊस किंवा पाइपचं पाणी मातीवर आपटतं, शिंतोडे खालच्या पानांवर जातात आणि तिथून वर चढत जातं. म्हणून पाणी बुडाशी द्या, सकाळी द्या. मातीवर पाचोळ्याचं आच्छादन करा. जमिनीपासून चार-पाच इंचांपर्यंतची पानं सरळ काढून टाका, आणि काढलेली पानं कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. करप्यावर बुरशीनाशक लागलं तर ते यानंतर.

सदाबहार

शिरांपाशी थांबलेले डाग नाहीत, गोलसरच आहेत. खालची पानं काढली. रोप बरंच मोकळं दिसतंय. आभार!

हिरवा_कोपरा

किडींचंही एकदा सांगून टाका म्हणजे सगळं एका जागी राहील.

मातीवेडी

मावा सगळ्यात नेहमीचा. कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर गर्दी करून बसतो, शेवंतीवर बहुधा काळपट-तपकिरी. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतो. जास्त असेल तर लीटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळायला थोडा सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही. फुलं उघडल्यावर फवारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात आणि मधमाश्या येत असतात.

पानांवर पांढऱ्या वळणदार रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या आत असते, वरून फवारून फारसं साधत नाही. ती पानं तोडा.

आणि एक रोग असा की ज्याच्याशी वाटाघाटी नाहीत: पांढरा तांबेरा. पानाच्या वर फिकट पिवळे ठिपके, आणि पान उलटलं की त्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी फोड. गार, दमट हवेत झपाट्याने पसरतो. रोप बंद पिशवीत घालून नष्ट करा. काही देशांत हा रोग दिसल्यास कृषी खात्याला कळवणं बंधनकारक आहे. त्या रोपाची कलमं कुणाला देऊ नका, प्रेमापोटीसुद्धा.

तसंच एखादं रोप कारण नसताना बाकीच्यांच्या अर्ध्याच उंचीचं राहिलं, फुलं बारीक आणि लवकर आली, तर तो व्हायरॉइडमुळे (विषाणूहूनही साध्या रोगकारकामुळे) येणारा खुजेपणा असू शकतो. त्यावर इलाज नाही. तो कापणाऱ्या कात्रीतून आणि हातांतूनही पसरतो, म्हणून प्रत्येक रोपानंतर कात्री पुसून घेण्याची सवय लावा.

गच्चीवरून

एका फांदीला एकच मोठं फूल कसं आणतात? प्रदर्शनात बघितलं होतं, तळहातापेक्षा मोठं फूल.

प्रकाशवर्ष

आधी जात तशी हवी. लहान फुलांच्या जातीचं फूल कितीही केलं तरी तेवढं होणार नाही. मोठ्या फुलांची जात असेल तर फांदीच्या टोकाची कळी ठेवायची आणि तिच्या खालच्या बेचक्यांतल्या सगळ्या कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या आत काढायच्या. उशीर केला की देठ कडक होतो आणि काढताना मुख्य कळीला इजा होते. एका रोपावर तीन ते पाच फांद्याच ठेवतात.

उलट लहान फुलांचा भरगच्च झुपका हवा असेल तर टोकाची मधली कळी तेवढी काढायची. ती सगळ्यात आधी उघडते आणि तिच्याभोवतीच्या कळ्या मागे राहतात. ती गेली की बाकीच्या एकदम फुलतात.

आणि आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र फूल असतं. भिंगाखाली बघा, पट्टीच्या तळाशी बारीक नळी आणि दुभंगलेलं टोक दिसेल.

पानगळ

शेवंती मांजरांना घातक असते का? घरात मांजर आहे आणि थंडीत कुंडी आत आणावी लागणार.

मातीवेडी

हो, मांजर आणि कुत्रा दोघांनीही ती खाल्ली तर उलट्या, लाळ गळणं, अंगावर लाली असे त्रास होऊ शकतात. मांजराला पोचणार नाही अशीच जागा बघा, आणि चावलेलं दिसलं तर पशुवैद्यांना विचारा. माणसांतही काहींच्या हाताला पानांच्या रसाने खाज सुटते. खुडणीच्या वेळी हातमोजे घातलेले बरे.

अबोली_सांज

एक शेवटचं विचारते. माझ्या जांभळ्या शेवंतीच्या एका फांदीवर यंदा पिवळसर फुलं आली आहेत. बाकी सगळं रोप जांभळंच. कुणी कलम केलेलं नाही. याचं बी धरून नवं रोप करता येईल का?

प्रकाशवर्ष

अबोली_सांज, बी नको! बियांतून तो रंग मिळण्याची खात्री नाही. बागेतली शेवंती बहुधा षट्गुणित असते, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच, साधारण ५४ गुणसूत्रं. बियांत कुठला गुण कसा उतरेल सांगता येत नाही. तुमच्याकडे झालंय ते त्या फांदीपुरतं उत्परिवर्तन, म्हणजे आपोआप झालेला जनुकीय बदल, आहे. शेवंतीत ते बऱ्यापैकी घडतं आणि कितीतरी जाती अशाच निघाल्या आहेत.

मातीवेडी

आत्ताच त्या फांदीला रंगीत दोरा बांधून ठेवा, फुलं उतरल्यावर ती ओळखता येणार नाही. बुडातून येणारे फुटवे बहुतेक जांभळेच निघतील, म्हणून नेहमीसारखं छाटून फुटव्यांची वाट बघू नका. फुलं संपली की त्या फांदीवरची वाळकी फुलं तेवढी काढा आणि फांदी तशीच राहू द्या. रात्रीचा थोडा जादा उजेड इथे कामाला येईल, कळीऐवजी पानांच्या बेचक्यांतून कोवळे कोंब फुटतील. ते सात-आठ सेंटीमीटरचे झाले की त्यांचीच छाटकलमं करा, दोन-चार जास्तच लावा. त्यातली काही पुन्हा जांभळ्यावर जाऊ शकतात. पुढच्या हंगामात ज्यावर पिवळसर फूल येईल तेच रोप पुढे वाढवा, आणि त्याचं एक कलम मला हवंय.